जीबी नंतर, आधी मिनिटं: परदेशी निघताना मोबाईलचा पॅक कसा निवडायचा

(आपल्या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. परदेशी जायचंय, मोबाईलचं काय करायचं? इथलंच सिम चालू ठेवायचं, तिकडे जाऊन नवं घ्यायचं, की ते ई-सिम म्हणतात ते?

या विषयावर यूट्यूबवर ढिगाने व्हिडिओ आहेत. पण ते मुंबई-पुण्याच्या माणसाला समोर ठेवून केलेले असतात. त्यात धरून चाललेलं असतं की तुम्ही जगात कुठेही जा, घरी वायफाय आहे, घरच्यांकडे स्मार्टफोन आहे, व्हॉट्सॲपवर कॉल केला की झालं. म्हणून ते फक्त एकच प्रश्न विचारतात: किती जीबी? आता तुमची माय भामरागडच्या पलीकडल्या गावात असेल, तिच्या हातात बटणांचा फोन असेल, आणि गावातल्या टॉवरवर इंटरनेट नावालाच असेल, तर तुमच्याकडे वीस जीबी असून काय करता? कॉल दोन टोकांचा असतो. त्यातलं जे टोक कमजोर, त्याच्याकडे बघून पॅक घ्यायचा. आजच्या भागात मी सगळं या एका गोष्टीभोवतीच बोलणार आहे.

आधी रोमिंग म्हणजे नेमकं काय, ते दोन मिनिटांत. सिरोंच्याच्या लोकांना हे सांगायची गरज नाही. नदी ओलांडून कालेश्वरमला गेलं की फोन दुसऱ्या राज्याच्या टॉवरवर जायचा आणि पूर्वी आलेल्या कॉललासुद्धा पैसे कटायचे, हे त्यांनी भोगलंय. देशातलं ते रोमिंग आता जवळजवळ संपलं. परदेशात अजून तेच आहे. तुमचं सिम इथल्या कंपनीचं, टॉवर तिकडच्या कंपनीचा, आणि दोघांमध्ये करार. तिकडची कंपनी वापराचा हिशेब इकडच्या कंपनीला पाठवते, इकडची तुमच्याकडून वसूल करते. पॅक घेतलेला नसेल तर तो दर फार चढा असतो. प्रीपेडवाल्याचा बॅलन्स संपतो आणि विषय तिथेच थांबतो. पोस्टपेडवाल्याचं बिल मात्र घरी आल्यावर कळतं. म्हणून पोस्टपेड असेल तर विमानात बसायच्या आधीच सेटिंगमध्ये जाऊन 'डेटा रोमिंग' बंद करा. पॅक सुरू झाल्याचा मेसेज आला की मग चालू करा.

आणखी एक बारीक गोष्ट. रोमिंगवर वापरलेलं इंटरनेट बहुतेक वेळा आधी भारतातल्या तुमच्या कंपनीकडे येतं आणि तिथून पुढे जातं. तुम्ही बँकॉकमध्ये बसून बँकॉकचाच नकाशा बघत असलात, तरी ती माहिती भारतात फेरी मारून येते. रोमिंगवर इंटरनेट थोडं सुस्त वाटतं त्याचं हे एक कारण.

आता मिनिटांकडे येऊ.

परदेशातून घरी बोलायचे रस्ते तीन. पहिला, इंटरनेटवरून, म्हणजे व्हॉट्सॲप वगैरे. याला दोन्ही टोकांना इंटरनेट लागतं. दुसरा, साधा फोन, तुम्ही तिकडून लावायचा. तिसरा, साधा फोन, पण घरच्यांनी तुमच्या भारतीय नंबरवर लावायचा. हा तिसरा रस्ता लोक विसरतात, आणि आपल्या भागासाठी मला तोच सगळ्यात कामाचा वाटतो. का, ते सांगतो.

तुमचं भारतीय सिम रोमिंगवर चालू आहे आणि घरून मायने तुमच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला, तर तिला तो साधा देशातलाच कॉल पडतो. तिच्या रिचार्जमध्ये अमर्याद कॉल असतील तर तिला वेगळा पैसा लागत नाही. परदेशातल्या तंगडीचा खर्च तुमच्यावर. तिला नवा नंबर पाठ करायला नको, पुढे कुठला कोड लावायला नको, फोनमध्ये काही टाकायला नको. जो नंबर कुडाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय, तोच लागतो. म्हणून भारतीय कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घेताना पहिलं काय बघायचं, तर इनकमिंग मिनिटं किती आहेत ते. काही पॅकमध्ये इनकमिंग आणि आउटगोइंग मिळून एकच कोटा असतो, काहींत इनकमिंग वेगळं किंवा मोकळं असतं. जाहिरातीत जीबी मोठ्या अक्षरात असतात, मिनिटं खाली बारीक अक्षरात. आपण खालून वाचायचं.

आणि आपली जुनी मिस्ड कॉलची पद्धत इथेही चालते. कॉल उचलला नाही तर सहसा मिनिट मोजलं जात नाही. मायने दोन रिंग द्यायच्या, तुम्ही वायफाय असलेल्या जागी पोचून स्वस्त रस्त्याने उलटा फोन लावायचा. निघायच्या आधी घरी बसून हे ठरवून घ्या. एक रिंग म्हणजे सगळं ठीक, दोनदा लागोपाठ आला म्हणजे ताबडतोब फोन कर. हसू नका, हे फार कामाचं आहे.

साधा कॉल लागतो आणि व्हॉट्सॲपचा लागत नाही, असं का होतं? टू-जी टॉवरवर साधा कॉल लागला की टॉवर त्या कॉलसाठी एक अरुंदशी वाट राखून ठेवतो. आवाज त्या वाटेने सलग जातो. इंटरनेटवरच्या कॉलमध्ये आवाजाचे तुकडे करून पाठवतात, आणि ते बाकीच्या सगळ्यांच्या तुकड्यांबरोबर गर्दीतून जातात. वाट अरुंद असली की तुकडे उशिरा पोचतात, नाहीतर हरवतात. मग 'हॅलो... हॅलो... आवाज कटून राहिला' सुरू होतं.

परिस्थिती सुधारते आहे, हेही सांगायला हवं. नक्षलग्रस्त भागांतल्या २,३४३ टू-जी टॉवरना फोर-जी करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये घेतला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये देशभरातल्या नेटवर्क नसलेल्या गावांसाठी २६,३१६ कोटींची फोर-जी योजना मंजूर झाली. दोन्ही कामं बीएसएनएलकडे. तेव्हा तुमच्या गावात आता काय आहे, ते कागदावरून ठरवू नका. निघायच्या आठवडाभर आधी गावातूनच एकदा व्हॉट्सॲप कॉल करून बघा, तोही संध्याकाळी सातच्या सुमारास, सगळे जण फोनवर असतात तेव्हा. तेव्हा धड बोलता आलं तर जीबीचा पॅक घ्या. नाही आलं तर मिनिटांचा.

पावसाळ्याचं वेगळं. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दरवर्षीचं आहे. वीज गेली, टॉवरचं डिझेल संपलं, कुठे केबल तुटली, तर दोन-दोन दिवस फोन लागत नाही. परदेशातल्या मुलाला किंवा मुलीला ते माहीत असतं, तरी तिथे एकट्याने बसून जीव टांगणीला लागतो. यावर कुठलाच पॅक उपाय नाही. उपाय एवढाच की आलापल्ली, अहेरी किंवा गडचिरोलीत राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाला किंवा शिक्षकाला मधला माणूस म्हणून ठरवून ठेवायचं. गावाची बातमी त्याच्याकडे आधी पोचते, त्याच्याकडे इंटरनेट असतं, तो तुम्हाला दोन ओळी टाकू शकतो.

आता ज्यांच्यासाठी हा भाग मुख्यतः केला, ते प्रवासी. आपल्या दोन जिल्ह्यांतून परदेशी जाणारं सगळ्यात मोठं टोळकं कोणतं, असं विचारलं तर माझ्या अंदाजाने लुंबिनीला जाणारं. चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्यामुळे इथल्या घराघरांत एकदा तरी लुंबिनी बघायची इच्छा असते. बल्लारशाहून राप्तीसागर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने कुशीनगर, श्रावस्ती, आणि सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. बसमध्ये चाळीस-पन्नास माणसं, त्यात निम्मी साठीच्या पुढची. पासपोर्ट लागत नाही, म्हणून हा परदेश आहे हेच कुणाच्या डोक्यात नसतं. सोनौलीचा दरवाजा ओलांडला की पाचच मिनिटांत फोन मुके होतात आणि बसमध्ये गलका सुरू होतो.

इथे प्रत्येकाने पॅक घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नेपाळात एक-दोन दिवसच मुक्काम असतो. बसच्या व्यवस्थापकाने आणि आणखी एका तरुण माणसाने तिथलं सिम घ्यावं. नेपाळ टेलिकॉम आणि एनसेल या दोन मोठ्या कंपन्या. ओळखपत्र आणि फोटो सोबत ठेवा. दर विचारताना नेपाळी रुपयात सांगतायत की भारतीय, ते आधी विचारा. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, हा हिशेब १९९३ पासून तोच आहे. त्या दोन फोनचा हॉटस्पॉट केला की बाकीच्यांना हॉटेलात किंवा बसमध्ये मेसेज, फोटो पाठवता येतात.

पण हॉटस्पॉट वीस-पंचवीस फुटांवर संपतो, आणि लुंबिनीचा परिसर फार मोठा आहे. मायादेवी मंदिरापासून निरनिराळ्या देशांच्या विहारांपर्यंत माणसं पांगतात. एखादी आजी मागे राहिली तर तिच्या फोनचा उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक ज्येष्ठ माणसाच्या गळ्यात एक कार्ड हवं. त्यावर व्यवस्थापकाचा नेपाळी नंबर, पुढे अधिक ९७७ लावून, आणि हॉटेलचं नाव देवनागरीत. नेपाळी माणूस देवनागरी वाचतो, कोणीही दुकानदार आपल्या फोनवरून लावून देईल. हे कार्ड सीमा ओलांडून सिम घेतल्या घेतल्या बसमध्येच लिहायचं. नंतर लिहू म्हटलं की राहून जातं. आणि ज्या जोडप्यापैकी एकाला साखरेचा, हृदयाचा त्रास आहे, त्यांनी मात्र आपल्या भारतीय नंबरवर लहानसा रोमिंग पॅक घ्यावा. तिथे काटकसर नको.

सोनौलीच्या अलीकडे जेवायला बस थांबते, तिथेही लक्ष ठेवा. सीमेजवळ फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो. पडद्यावर वर कंपनीचं नाव काय दिसतंय ते बघायचं.

नंबर साठवण्यावरून आठवलं, हे सगळ्यांसाठीच आहे. आपण फोनमध्ये नंबर दहा आकडी साठवतो. परदेशातल्या सिमवरून तो लागत नाही. घरचे, डॉक्टर, बँक, जावई, सगळ्यांचे नंबर अधिक ९१ लावून पुन्हा साठवा. भारतातही तो तसाच लागतो, काही बिघडत नाही. निघायच्या आधी अर्धा तास लागेल.

दुसरा मोठा गट म्हणजे मुलीच्या बाळंतपणाला किंवा मुलाकडे अमेरिकेला, जर्मनीला जाणारे आई-बाबा. वीज केंद्रातून, कोळसा खाणींतून, पेपर मिलमधून निवृत्त झालेली ही मंडळी. मुक्काम दोन ते सहा महिन्यांचा. त्यांना भारतीय रोमिंग पॅक परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. मुलाच्या घरी वायफाय असतंच. फिरायला गेलं तर लागेल म्हणून तिकडच्या कंपनीची एक जास्तीची लाइन मुलगा घेऊन देतो. घेताना त्याला एवढंच विचारायचं, यात भारतात फोन लावायची मिनिटं आहेत का? कारण बल्लारपूरच्या बहिणीशी व्हॉट्सॲपवर बोलणं होईल, पण मूलच्या शेतावरच्या सालदाराशी, धान कापणीच्या वेळी, साध्याच फोनवर बोलावं लागणार. वेळेचाही हिशेब ठेवा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिथे रात्री नऊ वाजता लावलेला फोन इथे सकाळी पोचतो, शेताच्या कामाला ती वेळ बरी.

या आई-बाबांचा खरा प्रश्न वेगळाच असतो, तो म्हणजे ओटीपी. पेन्शन बँकेत, बँक त्या नंबरला जोडलेली, आणि नंबर कपाटात पडलेल्या सिममध्ये. भारतीय सिम घरी ठेवून जायचं नाही. दुसऱ्या खाचेत टाकून सोबतच न्यायचं आणि निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यायचं. ते परदेशात गेल्यावर सुरू करणं अवघड जातं, कारण तेव्हा नेमका एक ओटीपी लागतो! बहुतेक कंपन्या रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला पैसे लावत नाहीत, त्यामुळे पॅक नसला तरी ओटीपी येऊ शकतो. पण आपल्या कंपनीचं काय, ते लेखी विचारून घ्या. व्हॉट्सॲपसारख्या ॲपला सिम फोनमध्येच असायला हवं, असे निर्देश दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिले. तेव्हा सिम सोबत नेण्याचं तेही एक कारण. यूपीआयचंही तसंच, ते नोंदवलेल्या सिमशी बांधलेलं असतं.

नंबर जिवंत ठेवायला इथलं रिचार्ज चालू लागतं. ट्रायचा नियम सांगतो की ९० दिवस काहीच वापर नसेल आणि खात्यात २० रुपयांपेक्षा कमी असतील, तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो. या नियमाच्या भरवशावर बसू नका. पॅकची मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं, मग इनकमिंग, आणि ओटीपी थांबायला तेवढं पुरतं. नंबर कायमचा बंद झाला तर काही महिन्यांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्या खिशात वाजायला लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले पॅक ठेवायला सांगितलं, आणि मुदतीची मर्यादा ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. परदेशी राहणाऱ्याच्या भारतीय सिमला नेमका असाच पॅक हवा. दुकानदार आपणहून दाखवणार नाही, मागून घ्यावा लागतो.

एक खास सूचना. मुलगा अमेरिकेहून आयफोन भेट देतो. २०२२ पासून, म्हणजे चौदाव्या मॉडेलपासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिम टाकायची खाचच नाही. तुमचं प्लास्टिकचं सिम त्यात जाणार कुठून? आधी इथे नंबर ई-सिममध्ये बदलून घ्यावा लागतो. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. त्यामुळे हे काम उद्या विमान आणि आज दुकान असं करू नका. दहा दिवस हाताशी ठेवा.

ई-सिमबद्दल थोडक्यात. प्लास्टिकचं कार्ड नाही, क्यूआर कोड स्कॅन केला की सिम फोनमध्ये उतरतं. फोन त्या लायकीचा हवा. प्रवासी ई-सिम बहुतेक फक्त डेटाची असतात, त्यांना फोन नंबरच नसतो. नकाशा, टॅक्सी, भाषांतर यांसाठी उत्तम. मायला फोन लावायला निरुपयोगी. जानेवारी २०२४ मध्ये एरालो आणि होलाफ्लाय या दोन परदेशी कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲपलच्या ॲप स्टोअरवरून काढली गेली. इथे परदेशी सिम विकायला सरकारी परवानगी लागते, ती त्यांच्याकडे नव्हती. तेव्हा इथून घ्यायचं तर परवानाधारकाकडूनच.

युरोपला जाणाऱ्यांना एक सोय आहे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम बाकी देशांत जास्तीचे पैसे न देता चालतं. जर्मनीत घ्या, फ्रान्समध्ये वापरा. पण स्वित्झर्लंड संघात नाही, आणि आपल्या टूरमध्ये स्वित्झर्लंड हमखास असतं. ट्रेन सीमा ओलांडायच्या आत डेटा बंद करा, नाहीतर ज्यात स्वित्झर्लंडचं नाव स्पष्ट लिहिलंय असाच पॅक घ्या. जर्मनीत सिम घेताना पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. तिथे नोकरीला जाणाऱ्या आयटीआय आणि नर्सिंगच्या मुलांनी पहिल्या दिवसासाठी काहीतरी हाताशी ठेवूनच उतरावं.

नागपूरहून शारजामार्गे जाणाऱ्यांनो, संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. तिथल्या विमानतळावरच्या मोफत वायफायवरून घरी कॉल लावत बसू नका. 'पोचलो, पुढचं विमान इतक्याला' असा मेसेज टाका. घरी बटणांचा फोन असेल तर भारतीय सिमवरून एक साधा एसएमएस. त्याचे काय ते पैसे पडतील, पडू द्या. विमान उडालं की फ्लाइट मोड लावायला विसरू नका. काही विमानांत आणि बहुतेक क्रूझवर उपग्रहाचं वेगळं नेटवर्क असतं. ते साध्या देशाच्या पॅकमध्ये येत नाही, आणि त्याचा दर विचारू नका.

आता जीबी. व्हॉट्सॲपच्या आवाजी कॉलला मिनिटाला साधारण अर्धा ते एक एमबी लागतो, व्हिडिओ कॉलला पाचच्या आसपास किंवा जास्त. म्हणजे रोज अर्धा तास नुसतं बोललात तरी महिन्याला एक जीबीच्या आत-बाहेर. जीबी खातात ते व्हिडिओ, आणि आपोआप ढगात चढणारे फोटो. ते सेटिंगमधून 'फक्त वायफायवर' करा. ज्या शहरात जायचं त्याचा गुगलचा नकाशा इथेच डाउनलोड करून ठेवा, इंटरनेटशिवाय चालतो. 'अनलिमिटेड' लिहिलं असेल तर किती जीबीनंतर वेग कमी होतो ते वाचा. आणि पॅकचा दिवस कधी सुरू होतो तेही विचारा. पॅक घेतल्यापासून, की तिकडच्या टॉवरला फोन जोडल्यापासून? पहिल्या प्रकारात चंद्रपूर ते नागपूर आणि पुढच्या दोन विमानांतच दीड दिवस जातो.

शेवटचा प्रश्न एटापल्लीहून आलेला. एका ताईंची मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला निघाली आहे, घरी एकच साधा फोन, त्यांनी काय करावं?

ताई, मुलीला जाताना पहिल्या महिन्याचा भारतीय रोमिंग पॅक द्या, इनकमिंग मिनिटं जास्त असलेला. तिला तिथे स्थिरावायला, बँकेत खातं उघडायला, तिथलं सिम घ्यायला तेवढा वेळ लागतो. तोवर तुम्ही नेहमीच्या नंबरवर फोन लावत राहा. पुढे तिने तिथलं सिम घेताना भारताची मिनिटं असलेलं बघावं आणि फोन तिने लावावा. तिच्या भारतीय सिमचं रिचार्ज मात्र तुम्ही इथून करत राहायचं. शिष्यवृत्तीच्या कागदांवर तोच नंबर आहे. वर्षभराचा कॉल-एसएमएसवाला पॅक तिचं विमान उडायच्या आधीच एटापल्लीच्या दुकानात मारून घ्या. पावती घेऊन ठेवा, मुदत कधी संपते ती तारीख पावतीवर असते. ती कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.